सहा टेबलांचा मॅनेजर

आधीच माफी मागते. माझं शुद्धलेखन चुकतं, ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलं नाही, आणि अक्षर असं आहे की दुसऱ्या दिवशी मलाच लागत नाही. आमच्या वाडीत शाळा चौथीपर्यंत होती. पाचवीला खाली पाचाडला जावं लागे, मुलीला एकटी कशी पाठवायची म्हणून माझी शाळा तिथंच थांबली. त्यानंतर सही सोडून मी काही लिहिलं नाही. हे कुणाला दाखवायचं नाही, तेव्हा माफी कुणाची मागते ते मलाही सांगता येणार नाही. पण मागून ठेवते. चार माणसं समोर असली की माझा आवाज आतल्या आत राहतो. म्हणून लिहायला बसले.

पाचाडला गडाच्या पायथ्याशी जेवणाची लहान लहान हॉटेलं आहेत. त्यातल्या एकात मी भाकऱ्या भाजते. हॉटेल म्हणजे पत्र्याची शेड, सहा टेबलं, मागे चूल आणि चुलीच्या मागे मालकिणीचा गोठा. मालकीण माझ्याहून थोडी मोठी, मी तिला वहिनी म्हणते. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी गडावर जाणारी माणसं उतरली की बसायला जागा नसते. तांदळाच्या भाकऱ्या, पिठलं, ठेचा, ऑर्डर असली तर कोंबडी. भाकरी करणाऱ्या बाईला गिऱ्हाईक मावशी म्हणतं, इथली तशीच रीत आहे. "मावशी, अजून एक भाकरी." "मावशी, पातळ करा हां जरा." नाव कोणी विचारत नाही. मला ते बरंच वाटायचं. मान वर न करता दिवस जायचा.

मला मुलगा एकच. त्याचे वडील मुंबईला एका सोसायटीत वॉचमन आहेत, गणपतीला आणि शिमग्याला येतात. मुलगा महाडच्या कॉलेजातून बी. कॉम. झाला. आमच्या घरात पदवी घेणारा तो पहिला. निकालाच्या दिवशी वहिनीने गिऱ्हाइकांना फुकट सोलकढी दिली होती.

मग त्याने नोकरी शोधायला सुरुवात केली. महाडच्या एमआयडीसीत कंपन्या पुष्कळ आहेत. तो सकाळच्या एस.टी.ने जायचा, गेटवर बायोडाटा द्यायचा आणि संध्याकाळी परत यायचा. गेटवरचा माणूस एकच विचारायचा, अनुभव किती. "काम दिल्याशिवाय अनुभव कुठून येणार, आई?" असं तो मला विचारायचा, जसं काही मीच गेटवर बसले होते. त्याचा तो पहिला बायोडाटा मी पाहिला होता. नाव, पत्ता, शिक्षण, छंद क्रिकेट. त्याखाली अर्धं पान कोरं. त्याला त्या कोऱ्या पानाची लाज वाटायची. घरात कोणी आलं की तो कागद उलटा करून ठेवायचा.

वर्ष असंच गेलं. त्याच्याबरोबरची मुलं एकेक करून लागली. कोण पुण्याला, कोण पनवेलला. एकदा त्यातला एक मुलगा आमच्याकडे जेवायला आला होता. तो हसत म्हणाला, "अरे, खरा बायोडाटा घेऊन कोण फिरतो? लग्नाच्या बायोडाट्यात तरी कोण खरं लिहितो का?" माझा मुलगाही हसला. पण त्या रात्री त्याने जेवण अर्धं टाकलं.

महाडला स्टँडच्या बाजूला एक कॉम्प्युटरचं दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, फोटो, आणि बायोडाटा. पैसे द्यायचे होते म्हणून मी बरोबर गेले. दुकानदार चाळिशीतला, चष्मेवाला, बोलायला गोड. मला त्याने स्टूल दिलं.

"कुठं काम केलंय?" त्याने विचारलं.

"कुठं नाय," मुलगा म्हणाला.

"असं म्हणायचं नसतं रे. वडील?"

"वॉचमन."

"आई?"

मुलगा थांबला. मग म्हणाला, "पाचाडला हॉटेलात हाय. भाकऱ्या करते."

"मग झालं की!" दुकानदाराने टाळी वाजवली. "हॉटेल आहे, गडाचा पायथा आहे, टुरिस्ट आहे. तू तिथं जातोस ना? पाणी-बिणी देतोस?"

"रविवारी गर्दी असली तर देतो. बिलं पण करतो."

"बिलं करतोस म्हणजे मॅनेजर झालास." आणि तो टाइप करायला लागला. टाइप करता करता वाचूनही दाखवत होता. रिसॉर्टचं एक नाव त्याने तिथल्या तिथं तयार केलं. दोन वर्षं असिस्टंट मॅनेजर. रूम बुकिंग. पाहुण्यांची व्यवस्था. हाताखाली बारा माणसं.

मी स्टुलावर बसून ऐकत होते. तो सांगत होता ते हॉटेल मला कुठंच दिसत नव्हतं. मी हळूच म्हणाले, "आमच्याकडं रूम नायत."

"मावशी, सगळेच लावतात," तो न वळता म्हणाला. "ते साहेब लोक वाचतानाच निम्मं कमी करतात. तुम्ही खरं लिहिलंत तर तुमच्या खऱ्यातलंच निम्मं कमी होणार. मग राहिलं काय?"

मी पदराच्या गाठीतले पैसे मोजायला लागले.

बायोडाट्याचे पैसे थोडेच होते. पण हॉटेल मॅनेजमेंटच्या कोर्सचं सर्टिफिकेट हवं, नाहीतर बायोडाटा लंगडा दिसतो, असं तो म्हणाला. ते तोच मिळवून देणार होता. त्याचे पैसे मोठे होते. मी वहिनीकडून उचल घेतली, म्हणजे पुढच्या मजुरीतून दर आठवड्याला कापून द्यायचे. रिसॉर्टच्या अनुभवाच्या पत्रावर सहीसुद्धा वहिनीनेच केली. पत्र हातात धरून ती खूप हसली. "बघ गो, मी रिसॉर्टची मालकीण झाले आणि मलाच म्हाईत नाय! रूम मागायला कोण आलं तर गोठ्यात निजवू काय?" मीही हसले. त्या दिवशी आम्हाला ते हसण्यासारखंच वाटलं होतं.

महाबळेश्वरच्या एका मोठ्या हॉटेलात त्याला लगेच नोकरी लागली. पोलादपूरच्या नाक्यावर हॉटेलची गाडी येणार होती, आमच्या भागातली आणखी मुलं त्याच गाडीने जाणार होती. मी पोलादपूरपर्यंत सोडायला गेले. गाडीत बसताना तो माझ्या पाया पडायला वाकला, मग त्याने आजूबाजूला बघितलं आणि नुसताच हात हलवला. मला वाटलं, मुलांसमोर लाजला. गाडी आंबेनळी घाटाच्या रस्त्याला लागून दिसेनाशी झाली तरी मी तिथंच उभी होते. दोन दिवसांनी फोनवर फोटो आला. काळा कोट, टाय, छातीवर नावाची पट्टी. तो फोटो मी वहिनीला दाखवला, वहिनीने गिऱ्हाइकांना दाखवला.

पण तेव्हापासून मला फोनची भीती वाटायला लागली. फोन वाजला की वाटायचं, कळलं त्यांना. कळलं तर नोकरी जाणार, सर्टिफिकेटचे पैसे बुडणार, आणि तो पुन्हा त्या उलट्या ठेवलेल्या कागदापाशी येणार. मी दुसरं काही मागत नव्हते. कुणाला कळू नये, एवढंच.

कळलं नाही. उलटंच झालं. त्यांना तो बायोडाटा फार आवडला.

एका संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाज बारीक होता. "आई, आमच्या गेस्टना गड बघायचा असतो. साहेब म्हणाले, तुझं जुनं रिसॉर्ट तिथंच हाय ना, मग जेवण तिथंच ठेवू. आधी ते स्वतः बघायला येणार हायत. मला घेऊन."

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? हो म्हणालो."

"कधी?"

"परवा. आई, काकीला सांग, काहीतरी करा."

वहिनी घाबरली नाही. तिला मोठी ऑर्डर दिसत होती. तिने महाडहून फ्लेक्स करून आणला, त्यावर पत्रातलं ते रिसॉर्टचं नाव आणि बाजूला गडाचा फोटो. 'घरगुती जेवण मिळेल' ही पाटी काढून आत ठेवली. मंडपवाल्याकडून कापडी खुर्च्या आणल्या. गुरं भावकीच्या गोठ्यात नेऊन बांधली. "रूम विचारल्या तर सांगायचं, वरचं काम चालू हाय," ती म्हणाली. मी म्हणाले, "वर तर नुसता पत्रा हाय." ती म्हणाली, "तू बोलूच नको गो. तू नायतरी बोलत नायस." ते खरंच होतं.

त्या दिवशी मी धुतलेली साडी नेसले. घालायला दागिना नव्हता, पण नवीन टिकली लावली. तो बऱ्याच दिवसांनी येणार होता.

पांढरी गाडी आली. साहेब उतरले, मागून तो. कोटात तो फोटोपेक्षा बारीक दिसत होता. साहेब मराठीच होते, शहरातले, हसतमुख. त्यांनी फ्लेक्सकडे बघितलं, पत्र्याकडे बघितलं, टेबलांकडे बघितलं. मुलगा वहिनीला "नमस्कार मॅडम" म्हणाला. वहिनीनेही "या या, बऱ्याच दिवसांनी" म्हटलं, आणि तोंडावर पदर धरला, हसू येत होतं म्हणून.

मी चुलीपाशी होते. तो आत आला, साहेब त्याच्या मागे. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मावशी, गरम भाकऱ्या लावा. साहेबांना पातळ आवडते."

माझ्या हातातली भाकरी मी फिरवत राहिले. थांबली असती तर फाटली असती. "हो," एवढं मी म्हणाले.

त्यात त्याची काही चूक होती असं मला तेव्हाही वाटलं नाही. मॅनेजरची आई भाकऱ्या कशी भाजेल? तो दुसरं काय म्हणणार होता? मावशी तर मला सगळंच जग म्हणतं.

साहेब चांगले जेवले. जेवून हात धुवायला मागे आले तेव्हा माझ्याजवळ थांबले. "मावशी, जेवण फार छान. किती वर्षं आहात इथं?"

"लय वर्षं झाली."

"मग हा आमचा मुलगा तुमच्याच हाताखालून गेला म्हणायचा. की तुम्ही त्याच्या?" ते हसले. "खरं सांगा, कसा होता कामाला?"

मुलगा त्यांच्या मागे उभा होता. टॉवेल घेऊन. त्याने खाली बघितलं.

परक्या माणसाशी मी आयुष्यात एवढं कधी बोलले नसेन. मी म्हणाले, "बरा होता. कधी उलट बोलला नाय. उपाशी राहील पण मागणार नाय. त्याला जरा संभाळून घ्या."

साहेब माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अरे, मावशींना काहीतरी दे." त्याने खिशातून शंभराची नोट काढली. "ठेवा, मावशी," म्हणाला. माझे हात पिठाचे होते. नोट त्याने माझ्या हातात ठेवली तेव्हा त्याच्या बोटांनाही पीठ लागलं, आणि ते त्याने टॉवेलला पुसलं.

गाडीत बसताना साहेब म्हणाले, "रूम्स बघायच्या राहिल्याच की रे," आणि दार लावून घेतलं. त्यांना सगळं कळलं होतं, असं मला वाटतं. जेवण स्वस्तात पडणार होतं, म्हणून ते बोलले नसतील.

त्या नोटेचं मी फोनचं रिचार्ज मारलं, त्याच्याशी बोलायला. त्याने दोन दिवस फोन उचलला नाही. मग उचलला आणि म्हणाला, "रागावलीस?" मी म्हणाले, "नाय रे. कोट छान दिसत होता." मुंबईला त्याच्या वडिलांनाही फोन करून सांगितलं. त्यांनी विचारलं, "नोकरी टिकली ना?" टिकली म्हटलं. "मग झालं तर," ते म्हणाले आणि कोणाच्या तरी गाडीला गेट उघडायला गेले.

पुढे सगळा सीझन हॉटेलचे गेस्ट येत राहिले, आणि बरोबर तो. दर खेपेला मावशी. पहिल्या दोन-चार वेळा तो मान खाली घालून म्हणायचा. मग सवय झाली. नंतर नंतर तर तो घाईत असला की बाकीच्या गिऱ्हाइकांसारखंच चुटकी वाजवून म्हणायचा, "मावशी, चार भाकऱ्या लवकर." त्याच्या लक्षातही येत नसेल. एकदा गेस्ट गेल्यावर तो मागे पाणी प्यायला आला, आम्ही दोघंच होतो, आणि तेव्हाही त्याच्या तोंडातून मावशीच आलं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मग तो पाणी न पिताच गेला.

एव्हाना वाडीतल्या मुलांना बातमी लागली होती. एकेक जण वहिनीकडे यायला लागला. "काकी, आपलं पण एक लेटर." वहिनी कोणाला नाही म्हणत नसे. तिच्या दृष्टीने ती मुलांचं भलंच करत होती, आणि खरं सांगायचं तर तिला नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. ते घेऊन, त्याच दुकानातलं सर्टिफिकेट जोडून, त्यांतले बरेच महाबळेश्वरच्या त्याच हॉटेलात लागले. कागदावर आमच्या हॉटेलात टेबलांपेक्षा मॅनेजर जास्त झाले. वाडीत एक मुलगा होता, सरळ, अभ्यासू. त्याने खरोखरचा कोर्स केला होता, बाहेर राहून, बापाने बैल विकून शिकवलेला. त्याने पत्र मागितलं नाही. तोही महाबळेश्वरलाच, त्याच हॉटेलात लागला होता, सगळ्यांत खालच्या पगारावर. अनुभव नाही म्हणून.

पावसाळ्याच्या तोंडाला हॉटेलचे मालक बदलले. नव्या लोकांनी सगळ्यांचे कागद तपासायला एक माणूस बसवला. सर्टिफिकेटवरच्या नंबरला फोन लागत नव्हता. आमच्या भागातल्या मुलांच्या सर्टिफिकेटवर सही एकच होती, आणि अनुभवाच्या पत्रांवरही एकच. त्याने जास्त खोलात जायचा त्रास घेतला नाही. महाड-पोलादपूरकडची सगळी मुलं एका दुपारी काढून टाकली. तो खरा कोर्स केलेला मुलगाही त्यांच्यातच गेला. त्याने आपलं सर्टिफिकेट दाखवलं म्हणतात. तो माणूस म्हणाला, तुमचे सगळ्यांचेच चांगले छापलेले आहेत.

त्या मुलाची आई आमच्या पाणवठ्यावर येते. हंडा भरला की जाते. मी बोलले असते तर बरं झालं असतं, पण काय बोलायचं?

माझा मुलगा घरी आला. कोट तिथंच जमा करून घेतला होता. घरात पाऊल टाकलं आणि "आई" म्हणाला, आणि मला, खोटं का सांगू, आनंद झाला. त्याची नोकरी गेली आणि मला आनंद झाला. आठवडाभर तो झोपून होता. मी कामावरून येताना त्याच्यासाठी काही ना काही आणायची. वाटायचं, आता झालं ते झालं, आता इथून सरळ चालू.

उठला तेव्हा त्याने पहिली गोष्ट सांगितली, "महाडला जायचं हाय. नवीन बायोडाटा करायला."

मी म्हणाले, "आता खरं लिही ना रे. आता तर तू खरंच काम केलंस. एवढं मोठं हॉटेल. सगळे गेस्ट तुझं नाव घ्यायचे."

"त्याचं लेटर देणार हायत का ते?" तो म्हणाला. "काढून टाकलेल्याला लेटर देत नायत. मी तिथं होतो हे आता कोणाला खरं वाटणार? कागद कुठं हाय?"

तेव्हा मला कळलं की तो कशासाठी चालला आहे. त्याने खरोखर केलेल्या कामाचं खोटं पत्र करून घ्यायला. उन्हातान्हात उभा राहिला, पाहुण्यांच्या बॅगा उचलल्या, शिव्या खाल्ल्या, ते सगळं त्याचं स्वतःचं होतं. ते सुद्धा आता त्या दुकानातून विकत घ्यावं लागणार होतं.

"त्या दुकानदाराच्यामुळंच तर गेली नोकरी," मी म्हणाले. "परत त्याच्याकडं?"

"त्याच्यामुळंच लागली पण होती," तो म्हणाला. "वर्षभर गेटवर फिरलो तेव्हा तू बघितलंस ना? तेव्हा मी खराच होतो."

मी पुन्हा वहिनीकडून उचल घेतली. पहिलीच अजून निम्मी बाकी होती. वहिनीने या वेळी नुसते पैसे मोजून दिले. पत्रं देणं तिने आता बंद केलं होतं. तो फ्लेक्सही काढला, त्याचं आता चुलीच्या लाकडांवर झाकण आहे.

दुकानदाराने त्याला ओळखलं, स्टूल पुढे केलं. त्याने हॉटेलचं पत्र अगदी हुबेहूब करून दिलं असं मुलगा म्हणाला. वर पद वाढवूनही दिलं. त्या पत्रावर तो आता गोव्याकडे एका ठिकाणी लागला आहे. पगार बरा आहे म्हणतो. येत नाही. तिथल्या लोकांना त्याने घरच्यांविषयी काय सांगितलं आहे ते मी विचारलं नाही. फोन करतो तेव्हा आई म्हणतो, पण हळू आवाजात, बाजूला जाऊन. मागून कोणी हाक मारली की फोन ठेवून देतो.

आपण काय करायला हवं होतं, याचा मी भाकऱ्या भाजताना विचार करते. पहिल्या दिवशी त्या दुकानातून उठून यायला हवं होतं, असं म्हणणं सोपं आहे. उठून कुठं आलो असतो? त्या गेटवरच. तो अभ्यासू मुलगा आता गडाच्या रोपवेच्या खाली लिंबू सरबत विकतो. त्याच्यासमोरून जाताना मी पदर पुढे ओढते. त्याने एकदा हाक मारली, "मावशी, सरबत घ्या, पैसे नकोत." मी थांबले नाही.

उचल फेडायला मी रविवारची मजुरी पूर्ण सोडली आणि इतर दिवसांची निम्मी. मुलगा म्हणायचा, पाठवतो, पाठवतो. दोनदा त्याने पाठवलेही, थोडेसे. बाकीचे भाकऱ्यांतूनच गेले. पावसाळ्यात हॉटेल बंद असतं तेव्हा मी वहिनीच्या शेतात लावणीला गेले, तीही मजुरी त्यातच घातली.

गेल्या रविवारी गर्दी लवकर ओसरली. मी चूल विझवली, परात धुवून उपडी घातली. वहिनी गल्ल्यापाशी बसली होती, तिने मला हाक मारली.

"झालं गो तुझं," ती म्हणाली. "आजच्या मजुरीत सगळं फिटलं. उलट वर वीस रुपये तुझेच निघतात."

तिने वीस रुपये माझ्या हातावर ठेवले. मी ते घेतले. आता आमच्यावर कोणाचं काही देणं राहिलं नाही.